लॅपटॉप करकर करायलाय? आधी ऐका, मग उघडा

अभ्यासिकेत बसलेत, एसटीत उभे आहेत किंवा इअरफोनची एक बाजू बंद पडलीय, अशा सगळ्यांसाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त माझे "अं" आणि "म्हणजे काय की" तेवढे कापलेत.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे निघाला. मेसेज मुरुडहून आला होता. आता मुरुड म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना जंजिरा आठवतो आणि मोबाईलवर शोधलं तर आधी समुद्रच दिसतो. ते मुरुड वेगळं. हे आपलं लातूरचं मुरुड, लातूरहून बार्शीकडे निघालं की लागतं ते. इथं समुद्र नाही, ऊन मात्र भरपूर आहे, आणि आजच्या विषयात त्या उन्हाचाही हात आहे.

मेसेज असा: "दादा, माझा लॅपटॉप लई करकर करायलाय. उजवा हात ठेवला की आवाज येतो, उचलला की येतो. अभ्यासिकेत सगळे माझ्याकडं बघायलेत. आई म्हणली दाराला लावतो तसं थोडं खोबरेल तेल सोड. सोडू का?"

ताई, नको. तेल अजिबात नको. का नको ते पुढं सांगतो, कारण हा सल्ला फक्त तुमच्या आईनं नाही, बऱ्याच जणांनी बऱ्याच जणांना दिलेला आहे.

आधी हा आवाज येतो कुठून ते बघू. आपल्या भाषेत आवाजांना शब्द भरपूर आहेत आणि ते इथं खरंच उपयोगी पडतात. लॅपटॉपवाल्यानं "नॉइज येतोय" असं सांगितलं तर मेकॅनिकला काही कळत नाही. पण करकर, कुरकुर, टक्क, खुळखुळ हे चार वेगळे आजार आहेत. करकर म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून घासतायत. टक्क म्हणजे एखादी क्लिप अडकतेय आणि सुटतेय. खुळखुळ म्हणजे आत काहीतरी सुटं फिरतंय, बहुतेक वेळा एखादा स्क्रू, आणि तो आवाज ऐकल्यावर लॅपटॉप चालूच करू नका, कारण तो स्क्रू मदरबोर्डवर नको त्या दोन टोकांना जोडू शकतो. कुरकुर बहुतेकदा बिजागरीतून येते, स्क्रीन उघड-बंद करताना.

आता करकरीचं शास्त्र. लॅपटॉपची प्लास्टिकची बॉडी म्हणजे दोन ताटल्या एकमेकींवर बसवलेल्या. कडेला बारीक बारीक क्लिपा, मधे स्क्रू. तुम्ही पामरेस्टवर, म्हणजे कीबोर्डच्या पुढं जिथं मनगट टेकवतो तिथं, वजन टाकता. वरची ताटली किंचित वाकते, तिची कड खालच्या कडेवर सरकायला बघते. पण घर्षण तिला धरून ठेवतं. जोर वाढतो, वाढतो, आणि मग ती एकदम सुटते. थोडी सरकते आणि परत अडकते. अडकणं-सुटणं, अडकणं-सुटणं, हे एका सेकंदात शेकडो वेळा झालं की आपल्या कानाला करकर ऐकू येते. फळ्यावर खडू किंचाळतो तो याच कारणानं. व्हायोलिनच्या गजाखाली तार गाते तीही याच कारणानं, फक्त तिथं आपण तिकीट काढून ऐकायला जातो. कोल्हापुरी चपलेची करकर तर लोक मुद्दाम वाजवून बघून विकत घेतात.

आणि आवाज एवढा मोठा का? कारण पामरेस्टचा तो पातळ पत्रा डफाच्या चामड्यासारखं काम करतो. घासतंय ते नखाएवढ्या जागेत, वाजतंय सगळं पान. म्हणून आवाज उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि दोष निघतो डावीकडं. हे लक्षात ठेवा, शोधताना कामाला येईल.

आता ऊन. लॅपटॉपच्या बॉडीत एबीएस नावाचं प्लास्टिक सर्रास असतं. ते तापलं की धातूपेक्षा जास्त पसरतं. मी साधा हिशोब केला. साधारण ३६ सेंटिमीटर रुंदीचा लॅपटॉप धरा, पंधरा इंची म्हणतो तो. रात्री खोलीत २० अंश आणि दुपारी बॉडी ४५ अंशांवर, म्हणजे २५ अंशांचा फरक. एबीएस तेवढ्यात सुमारे ०.७ मिलिमीटर वाढतं. ॲल्युमिनियम वाढतं ०.२ मिलिमीटर. फरक अर्धा मिलिमीटर, म्हणजे वहीच्या पाच-एक पानांच्या जाडीइतका. ज्या लॅपटॉपचं वरचं पान धातूचं आणि खालचं प्लास्टिकचं, तिथं हे दोघं रोज दुपारी एकमेकांशी भांडतात. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, खोलीवर पत्रे असतात, पंखा गरम हवाच फिरवतो. थंड एसी ऑफिसात पाच वर्षं गुपचूप बसलेला लॅपटॉप मराठवाड्यात येऊन करकरायला लागला तर त्यात नवल नाही.

जुन्या माळवदाच्या घरात राहिलेल्यांना हे सांगायची गरज नाही. रात्री गारवा पडला की सागवानी तुळया, खण, सगळं आवाज करतं. लहान पोरांना भीती वाटते, आजी म्हणते काही नाही, लाकूड बोलतंय. तुमचा लॅपटॉप बंद केल्यावर दहा मिनिटांनी "टक्क" करतो ना, ते तेच. तापलेलं प्लास्टिक आक्रसतं आणि एखादी क्लिप आपल्या जागी सरकते. तो आवाज निरुपद्रवी आहे, त्याच्यासाठी काहीही उघडू नका.

पण सगळीच करकर निरुपद्रवी नसते, आणि आजचा भाग मी खरं तर यासाठीच केलाय.

त्या ताईंना मी उलट तीन प्रश्न पाठवले. एक, टचपॅडचं क्लिक आधीसारखं होतं का? दोन, लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवला तर डुगडुगतो का? तीन, झाकण बंद केल्यावर पुढच्या कडेला फट राहते का?

थोड्या वेळानं उत्तर आलं. "क्लिक होतंय पण लई जोर लावावा लागायलाय. फरशीवर ठेवला, कोपरा दाबला की हलतो. फट आहे, मला वाटलं असंच असतंय."

ही बॅटरी फुगल्याची लक्षणं आहेत. त्यांचा लॅपटॉप पुण्यातल्या मामेभावाचा वापरलेला, चार-पाच वर्षांचा. घरी तो कायम चार्जरलाच लावलेला, कारण लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, फॉर्म, टेस्ट सिरीज, सगळं त्याच्यावरच. त्यांना वाटत होतं प्लास्टिक सैल झालंय. प्रत्यक्षात आतून कोणीतरी ढकलत होतं.

आजकालच्या लॅपटॉपमधली लिथियमची बॅटरी म्हणजे पातळ, मऊ पाकिटं असतात, आणि ती बरोबर पामरेस्टच्या आणि टचपॅडच्या खाली बसवलेली असतात. बॅटरी जुनी झाली, सतत उष्णतेत राहिली, महिनोन्‌महिने १०० टक्के चार्जवर राहिली, की आतलं रसायन हळूहळू विघटित होतं आणि वायू तयार होतो. पाकीट बंद असतं, वायूला जायला जागा नाही, म्हणून ते उशीसारखं फुगतं. फुगलं की वरचं पान वर उचलतं, खालचं खाली ढकलतं. क्लिपांवर ताण येतो आणि करकर सुरू होते. स्वस्त लॅपटॉपचंच असं होतं असं कुणी म्हणत असेल तर एक आठवण करून देतो. २०१९ च्या जूनमध्ये ॲपलनं १५ इंची मॅकबुक प्रो परत मागवले होते, २०१५ ते २०१७ दरम्यान विकलेले. बॅटरी जास्त तापून आगीचा धोका होता म्हणून. फक्त अमेरिकेतच ४ लाख ३२ हजार नग होते.

फुगलेली बॅटरी सापडली तर काय करायचं? चार्जर काढा. लॅपटॉप बंद करा, झाकून स्लीप नव्हे, पूर्ण बंद. त्याच्यावर पुस्तकं ठेवून "दाबून बसवू" नका. टोचू नका, वाकवू नका, वायू बाहेर काढतो म्हणून सुई तर बिलकुल लावू नका. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुठं ऐकला असेल तर तोही सोडून द्या. गादीवर, कपड्यांच्या ढिगावर, दप्तरात ठेवू नका. फरशीवर, उन्हापासून लांब ठेवा. आणि माहितगाराकडून बॅटरी बदलून घ्या. गरम झाली, गोडसर किंवा नेलपॉलिशसारखा वास आला, तर हात लावायच्या भानगडीत न पडता माणसांना लांब न्या.

दुकानदार म्हणाला, "चालू आहे की अजून, वापरा, बंद पडली की बघू." ताईंनी मला विचारलं, ऐकू का त्याचं? मी म्हटलं, चालू आहे म्हणूनच आत्ता काढायची. तीनशे पानांच्या नोट्स पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसरं दुकान बघा. त्यांनी बॅटरी बदलली. बदलल्यावर करकर ऐंशी टक्के गेली, टचपॅडचं क्लिकही परत मऊ झालं. उरलेल्या वीस टक्क्यांचं आता बघू.

एक मिनिट, जुनी बॅटरी. ती घंटागाडीत टाकायची नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्यांवर आहे. नवी बॅटरी ज्याच्याकडून घेता, जुनी त्यालाच परत घ्यायला लावा. टोकांवर चिकटपट्टी लावून द्या.

हं, आता उरलेली करकर. म्हणजे बॅटरी ठीक आहे हे नक्की झालंय, आणि तरी आवाज येतोय.

लॅपटॉप बंद करा. शांत खोली पाहिजे, पंखासुद्धा बंद. एका बोटानं, वहीवर ठिपके काढावेत तसं, पामरेस्टवर दोन-दोन बोटांच्या अंतरावर दाबत चला. मग कडेकडेनं. मग लॅपटॉप उलटा करून प्रत्येक स्क्रूच्या शेजारी. बाईकचे मेकॅनिक इंजिनला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात, पाहिलंय ना? तसंच इथं वहीच्या पानाची घट्ट सुरळी करा, एक टोक बॉडीवर, एक कानाला. मगाशी सांगितलं तसं, आवाज सगळ्या पानातून येतो, पण सुरळीतून ऐकलं की घासणारी जागा वेगळी कळते. जिथं आवाज येतो तिथं पेन्सिलीनं बारीक खूण करा.

मग दुसरी चाचणी. जिथं खूण केली तिथं दोन्ही बाजूंनी चिमटीत घट्ट धरा आणि परत शेजारी दाबा. धरल्यावर आवाज थांबला तर जोड सैल आहे. धरूनही थांबला नाही तर घासणारी गोष्ट आत आहे.

सैल जोडाचं सर्वात साधं कारण म्हणजे स्क्रू. खालच्या कव्हरला साधारण आठ-दहा स्क्रू असतात. मोजा. सेकंड-हँड लॅपटॉप आधी कुणीतरी उघडलेला असतो, आणि लावताना एखादा स्क्रू राहून जातो किंवा टेबलाखाली पळतो. रिकामं भोक दिसलं की समजा अर्धं निदान झालं. रबरी पायांच्या खालीही कधीकधी स्क्रू लपवलेले असतात, तेही बघा.

स्क्रूड्रायव्हर मात्र योग्य पाहिजे. घरातला मिक्सर खोलायचा चालणार नाही. बहुतेक विंडोज लॅपटॉपना बारीक फिलिप्स लागतो, शून्य किंवा दोन शून्य नंबरचा. काहींना सहा टोकांचा टॉर्क्स, मॅकबुकला पाच पाकळ्यांचा पेंटालोब. चुकीच्या टोकानं जोर लावला की स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग त्यापुढं कुणाचं काही चालत नाही.

आवळताना बोटांच्या ताकदीनं. मनगट लावायचं नाही. स्क्रू ज्यात बसतो तो प्लास्टिकचा छोटा खांब असतो, त्याच्यात पितळी नळी ठोकलेली असते, आटे त्या नळीला असतात. जास्त आवळलं की नळी खांबासकट फिरते. मग तो स्क्रू कधीच घट्ट होत नाही, नुसता फिरत राहतो. समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे.

कव्हर उघडायची वेळ आली तर थोडं सावकाश. वॉरंटी चालू असेल तर स्वतः उघडू नका, आधी अटी वाचा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा. वॉरंटी संपली असेल तर असं करा. पूर्ण बंद, चार्जर काढलेला, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा चौकोन काढा आणि प्रत्येक स्क्रू काढला की कागदावर त्याच्याच जागेवर चिकटपट्टीनं चिकटवा. ही नाटकं नाहीत. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड भोकात घातला तर तो पामरेस्टमधून वर डोकं काढतो, नाहीतर बोर्डमध्ये घुसतो. मग करकर परवडली म्हणायची वेळ येते.

क्लिपा सोडवायला धातूचं काही वापरू नका. जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारचा पिक घ्या. कड धरून सरकवत न्यायचं, टक टक आवाज येत जातील, ते क्लिपा सुटल्याचे. एखादीकडं अडलं तर ओढू नका, तिथं बहुतेक अजून एक स्क्रू राहिलेला असतो. काही मॉडेलमध्ये वरच्या पानाला रिबनसारखी पातळ वायर जोडलेली असते. झटका दिला की तुटते. उघडल्या उघडल्या पहिलं काम, बॅटरीचा कनेक्टर काढायचा. आणि हात लावण्याआधी घरातल्या एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला, खिडकीच्या गजाला वगैरे, हात लावून घ्या. आपल्याकडं हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हवा कोरडी असते, अंगात स्थिर वीज साठते.

आता तेल का नको, ते. बैलगाडीच्या चाकाला वंगण लागतं कारण तिथं लोखंड लोखंडावर गोल फिरतंय, वजन पेलतंय, आणि वंगण जाण्यायेण्याला जागा आहे. लॅपटॉपच्या कडेला तसं काही नाही. दोन प्लास्टिकच्या कडा आहेत, ज्यांनी मुळात हलायलाच नको. तेल सोडलं की ते फटीतून आत पसरतं, कीबोर्डच्या थरात जातं, धूळ ओढून घेतं आणि तिचा चिखल होतो. खोबरेल तेल तर थंडीत गोठतं, बाटली उन्हात ठेवावी लागते हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून मोठं कारण म्हणजे ताणाखालच्या एबीएसला काही तेलं मानवत नाहीत. बारीक तडे जातात, आणि ते तडे नेमके क्लिपेच्या मुळाशी जातात. स्प्रेचं तेच. ते निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० पॉलिकार्बोनेटवर आणि पारदर्शक पॉलिस्टायरिनवर वापरू नका असं खुद्द ते बनवणाऱ्यांचंच म्हणणं आहे. आणि लॅपटॉपच्या बॉडीत पॉलिकार्बोनेट भरपूर असतं.

मग इलाज काय? कार बनवणाऱ्यांकडून शिकू. तिथं डॅशबोर्डच्या असल्या आवाजांवर काम करणारे स्वतंत्र इंजिनियर असतात, "बझ, स्क्वीक आणि रॅटल" असं त्या कामाचं नावच आहे. ते तेल घालत नाहीत. दोन भागांच्या मधे लोकरीसारखी मऊ फेल्टची पट्टी चिकटवतात. घासणाऱ्या दोन जागा एकमेकींना भेटल्याच नाहीत तर अडकणं-सुटणं होणार कसं?

लॅपटॉपला फेल्ट जाड होतं. तिथं दोन गोष्टी चालतात. एक, मोबाईल रिपेअरवाल्यांकडं मिळणारी तपकिरी कॅप्टन टेप. ती पातळ असते, उष्णता सहन करते, वीज वाहू देत नाही. दुसरी, मला जास्त आवडते, कारण गावातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते: नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफलॉन टेप. टेफलॉन इतकं गुळगुळीत की त्याच्यावर अडकणंच होत नाही. खूण केलेल्या जागेच्या आतल्या कडेवर, क्लिपेच्या बाजूला, एकच थर. दोन इंच पुरे. ही टेप स्वतः चिकटत नाही, म्हणून कव्हर बसवताना ती कडेत दाबली जाईल अशी धरायची, बाहेर आलेलं ब्लेडनं कापायचं. जास्त थर दिले की कव्हर नीट बसत नाही आणि नवीन फट तयार होते.

चांदीसारखी चमकणारी फॉइल टेप वापरायची नाही. ती वीज वाहते. पंख्याच्या जाळीवर कुठलीच टेप लावायची नाही. आणि बॅटरीच्या वर "आवाज दबावा" म्हणून कागद, पुठ्ठा, स्पंज कोंबायचा नाही; बॅटरीला थोडं फुगायला जागा ठेवूनच बनवणाऱ्यांनी मोजमाप केलेलं असतं.

ताईंच्या लॅपटॉपमध्ये उजव्या कोपऱ्यातला एक स्क्रू गायब होता आणि पुढच्या कडेची एक क्लिप बॅटरीच्या ताणानं तुटली होती. स्क्रू दुकानात मिळाला. तुटलेल्या क्लिपेच्या जागी टेफलॉन. आता अभ्यासिकेत फक्त दुसऱ्याच्या मोबाईलचा रिंगटोन वाजतो म्हणे.

बिजागरीबद्दल बोलायचं राहिलं, आणि हा भाग हलक्यात घेऊ नका. स्क्रीन उघडताना कुरकुर, आणि त्याच वेळी कोपऱ्यात स्क्रीनची चौकट उचकटल्यासारखी दिसते, असं असेल तर लगेच थांबा. बिजागरी स्वतः पोलादी असते, ती सहसा मोडत नाही. ती घट्ट होते, आणि मग प्रत्येक वेळी तुम्ही उघडता तेव्हा ज्या प्लास्टिकच्या खांबांना ती जोडलीय त्यांना उपटायला बघते. आधी कुरकुर, मग बारीक तडा, मग एक दिवस कडाक्. तेव्हा स्क्रीनची वायर किंवा काचही जाऊ शकते. कुरकुरीच्या पायरीवर माहितगार मेकॅनिक बिजागरीचा नट थोडा सैल करून देतो, छोटं काम आहे. तुटल्यावर मात्र वरचं पूर्ण पॅनल बदलायची वेळ येते.

तुटलेला खांब फेविक्विकनं चिकटवू नका. तो सांधा ठिसूळ असतो, आणि त्याच्या वाफेनं आजूबाजूला पांढरे डाग पडतात, कधी स्क्रीनवरही. दोन नळ्या मिसळून लावायचं इपॉक्सी चालतं, पण चोवीस तास न हलवता ठेवलं तर. आणि उघडायची सवय बदला. एका कोपऱ्याला धरून ओढू नका, वरच्या कडेच्या मध्यावर धरा. एका हातानं, कोपरा धरून लॅपटॉप उचलायची सवय असेल तर तीही सोडा. ती बॉडीला पिळते, सुती धोतर पिळल्यासारखी.

सेकंड-हँड घेणाऱ्यांसाठी पटकन. आपल्याकडं पुण्याहून, हैदराबादहून कंपन्यांचे वापरलेले लॅपटॉप भरपूर येतात, आणि त्यात वाईट काही नाही; ऑफिससाठी बनवलेल्या मॉडेलची बॉडी बऱ्याचदा घरगुती स्वस्त मॉडेलपेक्षा मजबूत असते. पण दुकानदार रॅम आणि एसएसडी दाखवत असतो तेव्हा तुम्ही लॅपटॉप त्याच्या काचेच्या काउंटरवर ठेवा आणि कोपरे दाबा. डुगडुगला तर बॅटरी किंवा बॉडी वाकलेली. मग एका बोटानं स्क्रीन उघडा. मग पामरेस्टवर मनगट टेकवा आणि दोन ओळी टाईप करा. एवढं करायला अर्धं मिनिट लागतं. धातूचा घ्या, म्हणजे आवाज नाही, असं कुणी सांगेल. ते अर्धं खरं. ॲपलनं २००८ साली ॲल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली बॉडी आणली, तिथं जोडच कमी म्हणून करकरही कमी. पण "मेटल बॉडी" म्हणून विकतात त्यातल्या कितीतरी लॅपटॉपचं फक्त झाकण धातूचं असतं. चुंबक चिकटवून बघू नका, ॲल्युमिनियमला चिकटत नाही. हात लावा, गार लागतं का ते बघा.

नवीनच लॅपटॉप आहे आणि पहिल्या महिन्यात करकरतोय? मग व्हिडिओ काढा, आवाजासकट, तारीख दिसेल असा, आणि लेखी तक्रार करा. "प्लास्टिक आहे, वाजणारच" हे उत्तर तोंडी असेल तर ते लेखी मागा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला "राईट टू रिपेअर" पोर्टल सुरू केलंय. बिल मात्र जपून ठेवा, नाहीतर तिथंही काही होत नाही.

बॅटरी टिकवायची असेल तर एक सेटिंग. कायम चार्जरला लावून वापरता ना? मग चार्ज ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय शोधा. लेनोव्होच्या ॲपमध्ये ती "कॉन्झर्व्हेशन मोड" नावानं आहे, आसूसच्या ॲपमध्ये बॅटरी हेल्थच्या खाली, इतर अनेकांत बायोसमध्ये. लाईट जाते म्हणून १०० टक्के पाहिजे, हे मला मान्य आहे. पण लाईट जाण्याचा वेळ माहीत असेल तर आदल्या तासात पूर्ण चार्ज करा, बाकीच्या वेळी ८० वर राहू द्या. आणि दुपारी पत्र्याच्या खोलीत गादीवर ठेवून वापरू नका. खालून हवा जाऊ द्या, पाट किंवा जाड पुठ्ठ्याची फाईल ठेवा.

काही जणांनी आपल्या लॅपटॉपचे आवाज पाठवतो म्हणून सांगितलंय. जरूर पाठवा, पुढच्या भागात ऐकू. फक्त रेकॉर्ड करताना फोन लॅपटॉपवर ठेवू नका, शेजारी वीतभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा, आणि तोंडानं सांगत जा: "आता उजवा कोपरा दाबतोय, आता टचपॅड, आता उचलतोय." आणि सगळ्यात आधी फरशीवर ठेवून डुगडुगतो का ते सांगा. डुगडुगत असेल तर रेकॉर्डिंग राहू दे, चार्जर काढा.